डचेस, काउंटेस, लेडी : इंग्रजी पदव्यांतलं स्त्रीलिंग नेमकं कुणाचं?

आज सुरुवात पाठांतरानं करू या. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधी ना कधी ही यादी घोकलेली असणार : किंग-क्वीन, ड्यूक-डचेस, अर्ल-काउंटेस, विझर्ड-विच, बॅचलर-स्पिन्स्टर. दोन रकाने. डावीकडे पुल्लिंग, उजवीकडे स्त्रीलिंग. रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आणि त्याच्या वळणावर निघालेली शालेय पुस्तकं यांनी आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांना इंग्रजीतलं लिंग असंच शिकवलं. परीक्षेत 'लिंग बदला' हा प्रश्न हमखास यायचा आणि चार मार्क सहज पदरात पडायचे. अर्लचं स्त्रीलिंग काउंटेस, हे आम्हीही बिनचूक लिहिलं आहे. अर्ल म्हणजे काय प्रकरण असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि शिकवणाऱ्या सरांनाही बहुधा नसावं.

आजचं व्याख्यान ही या यादीवरची टीका आहे. यादी चुकीची आहे असं आमचं म्हणणं नाही. त्यातली प्रत्येक जोडी कोशात सापडते. पण दोन रकाने समोरासमोर मांडले की ते एका पातळीवर आहेत असं वाटायला लागतं. जणू ड्यूक पुरुष असेल तर ड्यूक, बाई असेल तर डचेस, बाकी सगळं सारखंच. खरं तसं नाही. डाव्या रकान्यातल्या शब्दाचा अर्थ एकच असतो : ज्याच्याकडे ती पदवी आहे तो पुरुष. उजव्या रकान्यातल्या शब्दाचे मात्र दोन अर्थ असतात, कधी तीनही. आणि त्यांतला कुठला अर्थ धरायचा यावरून इंग्लंडमध्ये एका बाईला संसदेत बसायला जागा मिळाली नाही. तिच्याबद्दल आपण बोलणार आहोतच. आधी शब्दांची थोडी ओळख करून घेऊ.

ब्रिटिश सरदारकीच्या पाच पायऱ्या आहेत. वरून खाली : ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. यांची स्त्रीलिंगं अनुक्रमे डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस आणि बॅरोनेस. यातली तिसरी पायरी बघा. बाकी चार ठिकाणी मूळ शब्दालाच शेपूट लागलं आहे. अर्लला मात्र नाही. 'अर्ल' हा जुना, अस्सल इंग्रजी शब्द. १०६६ साली नॉर्मन आले, राज्य त्यांचं झालं, दरबारची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंचांकडे त्या दर्जाला 'काउंट' म्हणत. इंग्लंडमध्ये पुरुषासाठी जुना 'अर्ल' टिकून राहिला, पण त्याच्या बायकोसाठी फ्रेंच वळणाचा 'काउंटेस' रूढ झाला. म्हणजे नवरा इंग्रजी आणि बायको फ्रेंच. यादीत ती जोडी म्हणून बसते, पण शब्दांचं एकमेकांशी रक्ताचं नातं काहीही नाही.

किंग आणि क्वीन यांचंही तेच. 'किंग'च्या मुळाशी कुळ, वंश ही कल्पना आहे. 'क्वीन'चा जुन्या इंग्रजीतला अर्थ निव्वळ बाई किंवा बायको असा होता. पुढे राजाची बायको आणि मग राणी. 'लॉर्ड' आणि 'लेडी' हे तर भाकरीचे शब्द आहेत. लॉर्ड म्हणजे मुळात भाकरी राखणारा, आणि लेडी म्हणजे भाकरीचं पीठ मळणारी. आपल्याकडे लॉर्डचा 'लाट' झाला आणि लाटसाहेब आपण बंगल्यात बसवला, पण मुळात तो कोठीचा राखणदार. गंमत म्हणून हे ठीक आहे, पण आमचा मुद्दा वेगळा आहे. या दोघांचं एकमेकांशी नातं काय? तो राखतो, ती मळते. दोघं एकाच घरातली आहेत, पण एकाच पदावर नाहीत. यादी छापताना नेमकं हेच गाळलं जातं.

आता उजव्या रकान्यातले अर्थ मोजू. 'काउंटेस' म्हणजे कोण? पहिला अर्थ, अर्लची बायको. दुसरा अर्थ, जिला स्वतःला ती सरदारकी मिळाली आहे किंवा वारशानं आली आहे अशी बाई. इंग्रजीत दोघींना एकच शब्द. फरक सांगायचा असेल तर 'स्वतःच्या हक्कानं' असे शब्द वेगळे जोडावे लागतात. पुरुषाच्या बाबतीत हे शब्द कुणी जोडत नाही, कारण पुरुषाची पदवी त्याच्या स्वतःच्या हक्काची असते हे गृहीतच आहे.

'लेडी'चा गुंता आणखी मोठा. नाइट किंवा बॅरोनेट किताब मिळालेल्या माणसाची बायको लेडी होते, आणि तिच्या नावात 'लेडी'च्या पुढे नवऱ्याचं आडनाव लागतं. ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्ल यांची मुलगीही लेडी, पण तिच्या बाबतीत 'लेडी'च्या पुढे तिचं स्वतःचं नाव. म्हणजे एकच शब्द बायकोलाही लागतो, मुलीलाही लागतो आणि स्वतः सरदार असलेल्या बाईलाही लागतो. डायना स्पेन्सर यांचं उदाहरण आपल्याला आठवत असेल. १९७५ साली त्यांचे वडील अर्ल झाले तेव्हा त्या 'लेडी डायना' झाल्या, वडिलांमुळे. १९८१ साली लग्न झालं आणि त्या 'प्रिन्सेस ऑफ वेल्स' झाल्या, नवऱ्यामुळे. १९९६ साली घटस्फोट झाला तेव्हा 'हर रॉयल हायनेस' हे संबोधन गेलं, आणि उरलं ते 'डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स'. पदव्यांचा हा सगळा चढउतार वडील आणि नवरा या दोघांच्या हातून झाला.

इथं मराठीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठीत आपण त्यांना सर्रास 'राजकन्या डायना' म्हणत आलो. आता राजकन्या म्हणजे राजाची मुलगी. त्या राजाची मुलगी नव्हत्या, युवराजाची बायको होत्या. त्याला मराठीत 'युवराज्ञी' असा शब्द आहे. इंग्रजीत 'प्रिन्सेस' या एकाच शब्दात मुलगी आणि सून दोघी मावतात. मराठीत राजकन्या वेगळी, युवराज्ञी वेगळी. म्हणजे जिथं इंग्रजी झाकून ठेवते तिथं आपली भाषा उघडपणे विचारते, की बाई, तुम्ही या घरच्या लेक की सून? ही सोय आपल्याकडे असूनही आपण ती वापरत नाही, कारण आपल्या डोक्यात ती शाळेतली यादी बसलेली आहे : प्रिन्स म्हणजे राजपुत्र, प्रिन्सेस म्हणजे राजकन्या, चार मार्क.

पुढचा प्रश्न. बायकोला नवऱ्याची पदवी मिळते, मग नवऱ्याला बायकोची मिळते का? नाही. राजाची बायको राणी होते, पण राणीचा नवरा राजा होत नाही. व्हिक्टोरिया राणीचे पती अल्बर्ट यांना 'प्रिन्स कॉन्सॉर्ट' ही पदवी मिळाली ती १८५७ साली, म्हणजे लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर. दुसऱ्या एलिझाबेथचे पती फिलिप हे ड्यूक ऑफ एडिंबरा होते, प्रिन्स होते, राजा कधीच नव्हते. सोळाव्या शतकात पहिल्या मेरीशी लग्न केलेल्या स्पेनच्या फिलिपला लग्नाच्या करारानं राजा ही पदवी मिळाली होती, पण तो अपवाद. खालच्या पायऱ्यांवरही तेच. 'सर' किताब मिळालेल्याची बायको लेडी होते. 'डेम' किताब मिळालेल्या बाईच्या नवऱ्याला काही मिळत नाही. तो आपला साधा मिस्टर.

मार्गारेट थॅचर यांच्या घरात हे दोन्ही एकत्र पाहायला मिळतं. त्या पंतप्रधानपदावरून पायउतार झाल्या त्यानंतर, १९९० च्या डिसेंबरमध्ये, त्यांचे पती डेनिस यांना बॅरोनेट केल्याचं जाहीर झालं. त्यामुळे थॅचरबाईंना 'लेडी थॅचर' म्हणता येऊ लागलं, नवऱ्याच्या किताबावर. अकरा वर्षं देश चालवला बाईंनी, आणि लेडी झाल्या त्या डेनिसरावांमुळे. पुढे १९९२ साली त्या स्वतःच्या हक्कानं बॅरोनेस झाल्या. तेव्हाही त्यांना 'लेडी थॅचर'च म्हणत. शब्द तोच, अर्थ पार बदलला. ऐकणाऱ्याला मात्र नुसत्या शब्दावरून काहीच कळत नाही.

आता ज्या बाईचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला तिच्याकडे येऊ. तिचं नाव मार्गारेट हेग थॉमस. वेल्समधल्या कोळसा खाणींचे बडे मालक डी. ए. थॉमस यांची ही एकुलती मुलगी. १९१५ साली 'लुसितानिया' हे जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं, तेव्हा हे बापलेक दोघंही त्या जहाजावर होते आणि दोघंही वाचले. मार्गारेट स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत होत्या. १९१८ साली वडिलांना व्हायकाउंट ऱ्होंडा ही पदवी मिळाली. मुलगा नसल्यामुळे, ती पदवी त्यांच्यामागे मुलीकडे जाईल अशी खास तरतूद केली गेली होती. त्याच वर्षी वडील वारले आणि मार्गारेट व्हायकाउंटेस ऱ्होंडा झाल्या. कुणाची बायको म्हणून नव्हे, तर वारस म्हणून.

त्यांच्या जागी मुलगा असता तर तो सरळ हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जाऊन बसला असता. १९१९ साली ब्रिटिश संसदेनं एक कायदा केला, की कुणाही व्यक्तीला ती स्त्री आहे किंवा विवाहित आहे या कारणावरून सार्वजनिक कामातून वगळता येणार नाही. मार्गारेट यांनी या कायद्याच्या आधारे आपली जागा मागितली. अगदी सरळ मागणी : मी व्यक्ती आहे, पदवी माझी आहे, जागा द्या. १९२२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या संबंधित समितीनं आधी त्यांच्या बाजूनं कौल दिला. त्यांचं अभिनंदनही सुरू झालं असणार. मग लॉर्ड चान्सेलर बर्कनहेड यांनी चक्रं फिरवली, प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं, आणि त्याच वर्षी मागणी फेटाळली गेली.

युक्तिवादाचा गाभा काय होता ते नीट बघा, कारण आपल्या विषयाचा जीव तिथं आहे. म्हणणं असं, की हा कायदा अडसर दूर करतो, पण नवा हक्क निर्माण करत नाही. पुरुषाला सरदारकी मिळते तेव्हा तिच्यात सभागृहात बसण्याचा हक्क असतो. बाईला सरदारकी मिळते तेव्हा तो हक्क तिच्यात मुळातच नसतो. मग दूर करायला अडसर आहेच कुठं? म्हणजे व्हायकाउंट आणि व्हायकाउंटेस या एकाच पदाच्या दोन लिंगांतल्या बाजू नाहीत, दोन वेगळी पदं आहेत, असंच सभागृहानं ठरवलं. एकात सत्ता आहे, दुसऱ्यात नाव आणि मान आहे. शाळेच्या यादीत मात्र ते शेजारीशेजारी छापलेले.

'व्यक्ती' या शब्दात बाई येते की नाही, हा वाद तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात सगळीकडे चालला होता. आपल्याकडे १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयानं कायद्यातल्या शब्दांत स्त्रिया बसत नाहीत म्हणून ती नाकारली. शेवटी १९२३ साली वेगळा कायदा करून स्त्रियांना वकिलीचा रस्ता मोकळा करावा लागला. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून आल्या होत्या, तरी त्यांनाही वकील म्हणून रीतसर उभं राहायला कित्येक वर्षं वाट पाहावी लागली. कॅनडामध्ये स्त्री ही 'व्यक्ती' आहे असा निर्णय प्रिव्ही काउन्सिलनं १९२९ साली दिला. व्याकरणाच्या पुस्तकात 'पर्सन' हा शब्द उभयलिंगी म्हणून छापलेला असतो. न्यायालयांत तो उभयलिंगी व्हायला इतकी वर्षं लागली.

हाउस ऑफ लॉर्ड्सचं दार स्त्रियांना उघडलं ते १९५८ साली, तहहयात सरदारकीच्या कायद्यानं. लेडी ऱ्होंडा त्याच वर्षी जुलैमध्ये वारल्या. कायदा झालेला त्यांनी पाहिला, पण पहिल्या स्त्री सदस्यांनी शपथ घेतली ती ऑक्टोबरमध्ये. शिवाय त्यांच्यासारखी वारशानं आलेली पदवी असलेल्या स्त्रियांना बसायची परवानगी मिळायला १९६३ साल उजाडलं.

त्या पहिल्या स्त्रियांमध्ये स्टेला आयझॅक्स होत्या. त्यांचे दिवंगत पती लॉर्ड रीडिंग हे १९२१ ते १९२६ या काळात भारताचे व्हाइसरॉय होते. ते मार्क्वेस होते, म्हणून स्टेलाबाई मार्शनेस ऑफ रीडिंग. पाच पायऱ्यांतली वरून दुसरी. १९५८ साली त्यांना स्वतःला बॅरोनेस केलं गेलं, ती सगळ्यात खालची पायरी. दुसऱ्या पायरीवर वर्षानुवर्षं होत्या तेव्हा सभागृहात जागा नव्हती. पाचव्या पायरीवर आल्या आणि जागा मिळाली. दोन्ही पदव्यांचं शेपूट एकच. 'मार्शनेस'मध्ये ते बायको असण्याचं होतं, 'बॅरोनेस'मध्ये ते स्वतःच्या पदाचं होतं. आमचं सगळं म्हणणं या एका बाईच्या दोन पदव्यांत आलेलं आहे.

आता उलट बाजूनं तपासू. बाईकडे खरोखरची सत्ता असते, ती नाकारता येत नाही, तेव्हा इंग्रजी काय करते? पुष्कळदा शेपूटच काढून टाकते. ब्रिटनचा राजा किंवा राणी हीच लँकेस्टरची ड्यूक असते. दुसरी एलिझाबेथ सिंहासनावर असताना लँकेशरमध्ये पेला उंचावून नाव घेतलं जायचं ते 'राणी, लँकेस्टरची ड्यूक' असं. डचेस नाही, ड्यूक. कारण डचेस म्हटलं की कुणाची तरी बायको असा वास येतो. लंडन शहराच्या महापौरांचं बघा. १९८३ साली मेरी डोनल्डसन या पहिल्या स्त्री महापौर झाल्या. त्यांची पदवी 'लॉर्ड मेयर'च राहिली. कारण 'लेडी मेयरेस' हा शब्द आधीच महापौरांच्या पत्नीसाठी राखलेला होता! फियोना वूल्फ २०१३ साली त्या पदावर आल्या, त्याही लॉर्ड मेयर. 'लेडी मेयर' अशी पदवी घेतली ती २०२५ साली, सुझन लँगली यांनी. 'मेयरेस' त्यांनीही घेतली नाही. मराठीत 'महापौर' शब्दाला ही अडचण कधी आलीच नाही. सुलोचना मोदी १९५६ साली मुंबईच्या महापौर झाल्या, आणि महापौरच म्हटल्या गेल्या.

आणखी एक उदाहरण भारतातलं. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम राज्यकर्त्या होत्या. १८५७ नंतर इंग्रजांनी 'स्टार ऑफ इंडिया' हा किताब काढला, तेव्हा १८६१ साली त्यांना तो मिळाला, आणि 'नाइट' म्हणून मिळाला. त्यांच्यासाठी स्त्रीलिंगी शब्द शोधत कुणी बसलं नाही. राज्य त्यांचं होतं, तोफांची सलामी त्यांना होती. इंग्रजांना त्यांची गरज होती. मग व्याकरण गप्प बसलं.

इथं कुणी म्हणेल, सोपं आहे मग. शेपूट काढून टाकलं की झालं. 'पोएटेस' गेली, 'ऑथरेस' गेली, 'ॲक्ट्रेस'च्या जागी 'ॲक्टर' येतंय, तसंच पदव्यांचंही करावं. आम्हाला हे अर्धंच पटतं. धंद्याच्या शब्दांत ते योग्यच आहे. त्या शब्दांना लागलेला कलंक आपण बघतोच. 'मास्टर' आणि 'मिस्ट्रेस' मुळात घराचे मालक आणि मालकीण. मास्टर वर गेला, मिस्ट्रेस ठेवलेली बाई झाली. 'गव्हर्नर' प्रांत चालवतो, 'गव्हर्नेस' मुलांना पाढे शिकवते. 'स्पिन्स्टर' म्हणजे सूत कातणारी, अगदी कष्टाची कमाई करणारी बाई, तिचा पुढे लग्न न झाल्याचा शिक्का झाला. इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदवहीतून हा शब्द निघाला तो २००५ साली.

पण सरदारकीच्या पदव्यांत नुसतं शेपूट काढून भागत नाही, कारण दुखणं शेपटात नाहीच. 'बॅरोनेस' शेपटासकट सभागृहात बसते, बोलते, मत देते. उलट वारशाचा नियम बघा. २०१३ च्या कायद्यानं राजघराण्यात मुलगा-मुलगी भेद काढून टाकला. थोरली असेल तर मुलगी राणी होईल. सरदारांच्या पदव्यांना मात्र हा कायदा लागू नाही. तिथं बहुतेक ठिकाणी मुलगी थोरली असली तरी पदवी धाकट्या भावाकडे, भाऊ नसेल तर काकाकडे किंवा चुलतभावाकडे जाते. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांचं हेच झालं. केंट परगण्यातल्या नोल या भल्याथोरल्या वाड्यात त्या जन्मल्या, वाढल्या. आईवडिलांच्या एकुलत्या एक. १९२८ साली वडील, म्हणजे तिसरे बॅरन सॅकव्हिल, वारले आणि वाडा काकांकडे गेला. त्याच वर्षी त्यांची मैत्रीण व्हर्जिनिया वूल्फ यांची 'ऑर्लँडो' ही कादंबरी आली. तिचा नायक मधेच बाई होतो, आणि बाई झाल्याबरोबर मालमत्तेचे दावे त्याच्यामागे लागतात. लोक त्यात कल्पनेची भरारी बघतात. आम्हाला त्यात वारसाहक्काचं काटेकोर भान दिसतं. माणूस तोच, घर तेच, लिंग बदललं की कागद बदलतात. पुढे १९५३ साली व्हिटाबाईंचे पती हॅरल्ड निकल्सन यांना 'सर' किताब मिळाला आणि व्हिटाबाई रीतसर लेडी निकल्सन झाल्या. जे घर हवं होतं ते मिळालं नाही. जी पदवी मागितली नव्हती ती नवऱ्यामार्फत घरी आली.

आता शेवटी आपल्या घरात बघू, कारण इंग्रजांना नावं ठेवून मोकळं होणं बरं नव्हे. मराठीतला '-ईण' हा प्रत्यय नेमकं हेच करतो. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. मास्तरीण म्हणजे पूर्वी मास्तरांची बायको, पुढे बायका शिकवायला लागल्या आणि मास्तरीण स्वतः शिकवणारी झाली. डॉक्टरीणबाई अजून दोन्हीकडे आहेत. मालकीण तर पक्की दुहेरी : मालकाची बायको, किंवा जिच्या नावावर घर आहे ती. आणि इंग्रजांना जे सुचलं नाही ते आपल्याकडे झालं. बाई सरपंच झाली की तिच्या नवऱ्यासाठी 'सरपंचपती' असा शब्द आपण तयार केला. राणीच्या नवऱ्याला राजा करत नाहीत, पण सरपंचबाईंचा नवरा खुर्चीत बसून शिक्के मारतो. सरपंच हा शब्द उभयलिंगी आहे, त्यानं काय साधलं?

आणि मुंबईतला तो रस्ता. माहीम-दादरकडचा एल. जे. रोड, म्हणजे लेडी जमशेटजी रोड. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवर रस्ता व्हावा म्हणून पैसा दिला तो आवाबाईंनी, सर जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नीनं. दीड लाखाहून अधिक रुपये, त्या काळचे. १८४५ साली तो कॉजवे सुरू झाला. जमशेटजींना १८४२ साली 'सर' किताब मिळाला, म्हणून आवाबाई लेडी झाल्या, आणि रस्त्याला नाव लागलं ते नवऱ्याच्या नावापुढे 'लेडी' लावून. दान त्यांचं, नाव त्यांचं नाही. आज बसच्या पाटीवर तर 'लेडी'सुद्धा एका अक्षरापुरतीच उरली आहे.

मग करायचं काय? आमचं सांगणं फार मोठं नाही. वाचताना, आणि विशेषतः अनुवाद करताना, उजव्या रकान्यातला शब्द आला की थांबा आणि विचारा : हे पद या बाईला कुणामुळे मिळालं? वडिलांमुळे, नवऱ्यामुळे, की तिचं स्वतःचं? उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप सापडतो. अर्लची बायको असेल तर 'उमरावपत्नी' म्हणायला हरकत नाही. लेडी ऱ्होंडांना 'उमरावपत्नी' म्हटलं तर मात्र १९२२ साली त्या सभागृहानं जे केलं तेच आपण एका शब्दात पुन्हा केलं असं होईल. त्यांना 'उमराव' म्हणा. मराठीत तो शब्द बाईलाही चालेल, आपण चालवला तर.

शाळेत शिकवणारे कुणी ऐकत असतील तर त्यांना एक विनंती. ती यादी फळ्यावर लिहा, पाठही करून घ्या, परीक्षेत मार्क हवेतच. फक्त उजवीकडे आणखी एक रकाना आखा आणि त्यावर लिहा : 'कुणामुळे?' मुलं भरतील तो. पुढच्या वेळी आपण 'मिस', 'मिसेस' आणि 'मिझ' या तीन शब्दांकडे वळू. तिघींची आजी एकच आहे, आणि ती म्हणजे आज जिचं नाव घेतलं ती मिस्ट्रेस.